बोरहट्टीची मूळ नोंद

"प्या," सिद्राम कोरे म्हणाला आणि त्यानं हातातली तांब्याची कळशी माझ्या टेबलावर, नुकत्याच टाइप होऊन आलेल्या अहवालांवरच ठेवली. कागदांवर ओला गोल उमटला.

माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. मी त्याला म्हटलं, ही पाण्याची प्रयोगशाळा आहे, पाणपोई नाही. इथे पाणी पीत नाहीत, तपासतात. आणि तपासायचं तर बाटलीत आणा, वर चिठ्ठी लावा, सोबत फॉर्म भरा. एवढं ऐकून तो एरवी मान खाली घालून निघून गेला असता. सिद्राम बोरहट्टीचा जलसुरक्षक. म्हणजे गावाच्या विहिरीत रोज ब्लीचिंग पावडर टाकणारा, मोटर चालू-बंद करणारा, आणि नळाला पाणी आलं नाही की सगळ्या गावाच्या शिव्या खाणारा माणूस. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटक. माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसायचा नाही. त्या दिवशी बसला.

"बाई, कंदील विझला," तो म्हणाला.

मला आधी काही कळेना. मग त्यानं नीट सांगितलं. दर चैत्रात बोरहट्टीच्या विहिरीतला गाळ काढतात. माणसं आत उतरायच्या आधी सिद्राम दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडतो. दोर त्याच्या वडिलांच्या वेळचा, हातभर अंतरावर एकेक गाठ मारलेला. सव्वीस गाठींवर पाणी लागतं. कंदील पाण्यापर्यंत जळत गेला तर माणसं उतरतात, मध्येच विझला तर उतरत नाहीत, कारण तिथून खाली श्वासाला हवा नाही. त्याच्या आयुष्यात तो कधीच विझला नव्हता. यंदा नवव्या गाठीला विझला. वात कापून, घासलेट बदलून, काच पुसून त्यानं तीनदा सोडला. तिन्ही वेळा नऊ. घमेली-फावडी घेऊन आलेली माणसं त्यानं घरी पाठवली आणि सरपंचबाईंचं बोलणं खाल्लं. वर आणखी गावातल्या बायका सांगत होत्या की डाळ शिजत नाही, तांब्याच्या हंड्यांना आतून हिरवी कड धरते आणि सकाळी उपाशीपोटी पाणी प्यायलं की मळमळतं.

"आमच्या विहिरीत त्यो गॅस आलाय, बाई. कारखान्याचा. तुम्ही तपासा आणि लिहून द्या."

मी कुरकुरत उठले आणि पीएच काढला. सहा पॉइंट तीन. आमच्या त्या काळ्या खडकाच्या पट्ट्यातलं पाणी मी एकोणीस वर्षं तपासत होते. तिथल्या विहिरीचा पीएच साडेसातच्या खाली आलेला मी कधी पाहिला नव्हता. एवढं आंबट पाणी त्या खडकातून आपणहून निघत नाही.

मग मी कपाटातून बोरहट्टीची फाइल काढली, आणि तीत मूळ नोंद होती. गॅस सोडायच्या आधी, दोन वर्षांपूर्वी, याच विहिरीच्या पाण्याची अधिकृत तपासणी. पीएच सहा पॉइंट दोन. खाली सही शकुंतला म्हेत्रे, कनिष्ठ रसायनी. माझीच.

"अण्णा, तुमचं पाणी आधीपासूनच असं आहे," मी म्हणाले. "तेव्हा सहा पॉइंट दोन होतं, आता सहा पॉइंट तीन आहे. गॅसनं काही बिघडलेलं नाही."

सिद्रामनं कागद हातात घेतला. वाचता त्याला बेताचंच येत होतं, पण आकडा आणि तारीख त्यानं बोट ठेवून वाचली. त्याचा चेहरा एकदम उतरला. त्यानं कळशी उचलली, माझ्या बेसिनमध्ये रिकामी केली आणि निघून गेला.

त्या दुपारी मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दोन वर्षांपूर्वीची कच्ची वही काढली. तपासणी करताना आकडे आधी ज्या वहीत पेन्सिलीनं उतरवतो, ती. हवं ते पान बघितलं आणि वही पर्समध्ये टाकली. सरकारी वही घरी नेणं नियमात बसत नाही. तरी नेली.

गॅसची गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याला डिस्टिलरी होती. मळी आंबवताना तिथून कार्बन डायऑक्साइड निघतो, भसाभस. आधी तो हवेत जायचा. मग सरकारनं योजना आणली की हा गॅस पकडा, जमिनीखाली खोल खडकात कोंबा, तिथे तो दगडाशी मिळून दगड होईल, आणि जेवढे टन कोंबाल तेवढं अनुदान घ्या. कल्पना वाईट नव्हती. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे, कल्पना वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. कारखान्यानं बोरहट्टीच्या माळावर खोल बोअर पाडलं आणि पाइप टाकले.

वाईट होती ती नियमावली. नियमावली ठरवायला पुण्याहून माणसं आली होती, आणि तालुक्याच्या सभागृहात एक दिवसाची बैठक झाली. प्रयोगशाळेकडून मी गेले होते. कारखान्याच्या बाजूनं सबनीस नावाचा पर्यावरण अधिकारी होता. तरणाबांड, गोड बोलणारा, प्रत्येक वाक्यात एकदा तरी "मॅडम" म्हणणारा. मूळ मसुद्यात आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याच्या अकरा तपासण्या होत्या. सबनीस म्हणाला, एवढ्या तपासण्यांनी प्रकल्प सुरू व्हायच्या आधीच मरेल, गॅस मिसळला तर पीएच उतरणारच, तेव्हा एक पीएच पुरे. अकराचा एक झाला. मग तो म्हणाला, नमुने घ्यायला बाहेरची माणसं कशाला, गावचा जलसुरक्षक आहे की. तेही मान्य झालं. मग ठरलं की गॅस सोडायच्या आधीचा पीएच ही मूळ नोंद, पुढे पाणी तिच्यापेक्षा अर्ध्या अंकानं खाली गेलं तर गॅस बंद आणि अनुदान बंद. मूळ नोंद एकदा झाली की पक्की. ती चुकली असं फक्त ती करणारी प्रयोगशाळाच म्हणू शकेल, आणि खोटा नमुना देणाऱ्यावर किंवा जाणूनबुजून तो पास करणाऱ्यावर कारवाई. मी त्या बैठकीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते. उपमा बरा होता. मी तोंड उघडलं नाही.

कळशीच्या प्रकारानंतर चार दिवसांनी मी एसटीनं बोरहट्टीला गेले. चाललेल्या कामाची खातरजमा असं रजिस्टरला लिहिलं. सिद्राम विहिरीवरच भेटला. मी म्हटलं, कंदील दाखवा. त्यानं दाखवला. आम्ही दोघं काठावर वाकून बघत होतो. पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या गाठीला ज्योत सरळ होती. आठव्याला ती लांब आणि बारीक झाली. नवव्याला कुणी चिमटीत धरावी तशी गेली. भर दुपार होती, वारा नव्हता. त्या काळ्या खड्ड्याकडे बघताना मला वाटलं, सिद्राम जरा कमी हट्टी असता आणि सरपंचबाईंचं ऐकता, तर चार माणसं आतच राहिली असती.

"अण्णा, हे पाणी आधीपासून असं असतं तर तुमचा कंदील आधीपासून विझला असता," मी म्हणाले. "मूळ नोंदीच्या बाटल्या कुठून भरल्या होत्या?"

त्यानं दोर पुरता गुंडाळला. मग चला म्हणाला आणि मला शाळेत घेऊन गेला.

शाळेच्या व्हरांड्यात फिल्टरचं मशीन होतं. कारखान्यानंच दिलेलं, वर त्यांची निळी पाटी. नाणं टाकलं की कॅनमध्ये शुद्ध पाणी. सिद्राम त्या मशीनपाशी उभा राहिला आणि त्याला हात लावून म्हणाला, "इथून."

मग तो बोलला. मूळ नोंदीच्या आदल्या वर्षी पावडरचा साठा मुदतीबाहेरचा निघाला म्हणून तपासणीत बोरहट्टीला लाल कार्ड मिळालं होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, गावाचं पाणी चांगलं असेल तर सरकार पंचायतीला हिरवं कार्ड देतं, धोक्याचं असेल तर लाल. लाल कार्ड चावडीवर लागलं तेव्हा सिद्रामला भर ग्रामसभेत उभं करून झापलं होतं आणि त्याचं मानधन चार महिने थांबवलं होतं. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेतून रिकाम्या बाटल्या आल्या. कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या लेखी बाटली आली म्हणजे कार्ड आलं. त्यानं गावातलं सगळ्यात स्वच्छ पाणी भरून दिलं.

"पाहुणा आला की आपण चांगलं तेच देतो की ओ," तो म्हणाला.

फिल्टरच्या पाण्यातले क्षार निघून गेलेले असतात, त्यामुळे ते आंबट असतं. सहा पॉइंट दोन. साधी गोष्ट होती. आता विहिरीत कितीही गॅस येऊ दे, पाणी त्या आकड्यापेक्षा अर्ध्या अंकानं खाली जाणं अशक्यच होतं. गॅसला मोकळं रान होतं, सरकारी शिक्क्यानिशी.

माझा तोल सुटला. शाळा भरलेली होती, खिडक्यांतून पोरं बघत होती, तरी मी थांबले नाही. मी त्याला म्हटलं, एका कार्डाच्या तुकड्यासाठी तू सगळं गाव विकलंस. एकोणीस वर्षं मी त्याला अण्णा म्हणत आले होते, तुम्ही म्हणत आले होते, आणि त्या व्हरांड्यात मी त्याला तू म्हटलं. तुला लाज कशी वाटली नाही, म्हटलं. ठाऊक असून खोटं पुढे सरकवलंस, म्हटलं. आपल्या खुर्चीखालची जागा वाचवायला दुसऱ्याच्या पोराबाळांच्या घशात काहीही ओतायला तयार झालास, म्हटलं. त्याला खुर्ची कुठली? पण मी म्हटलं. तो खांबाला टेकून ऐकत राहिला आणि मी थांबल्यावर एवढंच म्हणाला, "चुकलो, बाई. आता काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. प्रांतसाहेबांपुढे सुनावणी लावून घ्यायची. तिथे उभं राहून हे सगळं असंच सांगायचं. तो म्हणाला, नोकरी जाईल. मी म्हटलं, जाईल कदाचित. कारवाई होईल? होईल. त्यानं डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली.

"सांगतो," तो म्हणाला. "पण माझ्या एकट्याच्या सांगण्यानं भागंल का?"

"बाकी मी बघते," मी म्हणाले.

हे माझं वाक्य मला अजून शब्दशः आठवतं. बाकी मी बघते.

सुनावणी वैशाखात लागली. तिच्या आदल्या दिवशी सबनीस प्रयोगशाळेत आला. बसला, पंख्याचा वेग वाढवायला सांगितला, पाणी मागितलं आणि ते पिण्याआधी कुठलं आहे ते हसत विचारलं. मग म्हणाला, मॅडम, जलसुरक्षक उद्या काय सांगणार ते आम्हाला कळलंय. घाबरलेला माणूस आहे, काहीही सांगेल. प्रश्न तुमचा आहे. साहेब तुम्हाला एकच गोष्ट विचारतील, की नमुना तपासताना तुम्हाला संशय आला होता का. नाही म्हणालात तर तुमचा काडीचा दोष नाही, तुम्ही आली ती बाटली तपासली. हो म्हणालात तर मग सही का केली, हा पुढचा प्रश्न, आणि त्याला नियमावलीत कलम आहे. हे सगळं त्यानं मला सल्ला द्यावा तसं सांगितलं. जाताना नमस्कार केला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

प्रांतसाहेबांचं नाव डोईफोडे. थोराड, सर्दीनं हैराण झालेला माणूस, एका हातात सतत रुमाल. कचेरीत आम्ही पाचसहा जण होतो. सरपंचबाई महानंदा बिराजदार कोपऱ्यात पदर सावरून बसल्या होत्या. त्यांचं सगळं लक्ष गाळाचं काम कधी सुरू होणार याकडे. खाली पाणी कमी होत चाललेलं, गाळ काढल्याशिवाय झरे मोकळे होणार नाहीत, आणि या सिद्रामनं कंदिलाचं खूळ काढून काम अडवलं, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं.

सिद्राम उभा राहिला. धुतलेला सदरा, हातात टोपी. मशीनचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं, लाल कार्डाचं सांगितलं. कुठे अडखळला नाही. मधूनमधून माझ्याकडे बघायचा, मग पुढचं वाक्य बोलायचा. शेवटी म्हणाला, "मी खोटं पाणी दिलं, साहेब. शिक्षा करा. पर माणसं त्या विहिरीत उतरवू नका."

सबनीसनं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी याच माणसानं विहिरीचं पाणी म्हणून फॉर्मवर सही केली. आज तो म्हणतो ते विहिरीचं नव्हतं. दोन्हींतलं एक खोटं आहे. कोणतं, ते तो कसं ठरवणार? जुन्या खोल विहिरींत कंदील विझतो, ते गॅस सोडल्याचा पुरावा होत नाही, कंदिलाला नियमावलीत रकाना नाही. नियमावलीप्रमाणे मूळ नोंद चुकली असं म्हणायचा अधिकार प्रयोगशाळेचा आहे, आणि मॅडम इथेच आहेत.

डोईफोड्यांनी नाक पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"नमुना तपासताना तुम्हाला काही संशयास्पद वाटलं होतं का?"

पर्स माझ्या मांडीवर होती. पर्समध्ये वही होती. वहीतलं पान मला बघायचीही गरज नव्हती. बोरहट्टी, तारीख, पीएच सहा पॉइंट दोन, आणि त्याच्या शेजारी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, एक्केचाळीस. अहवालाच्या फॉर्मात टीडीएसला रकानाच उरला नव्हता, पण सवयीनं मी सगळ्याच बाटल्यांचा घ्यायची. त्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्याचा टीडीएस सहाशेच्या घरात असतो. एक्केचाळीस असतो तो फक्त फिल्टरच्या पाण्याचा. हे शेंबड्या पोरालाही कळतं, घरी फिल्टर विकायला येणारा माणूस तेच यंत्र बुडवून दाखवतो. आणि त्या एक्केचाळीसपुढे माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'विहिरीचे नाही. पुन्हा मागवणे.'

पुन्हा मागवलं नाही मी. शुक्रवार होता. कारखान्याचा माणूस अहवालासाठी बाहेर बाकावर बसला होता, सोमवारी कुण्या मंत्र्याच्या हातून उद्घाटन होतं. पुन्हा मागवायचं म्हणजे पत्र लिहा, जीप मागा, नाहीतर उन्हात एसटीनं जा. फॉर्मात रकाना एकच होता आणि त्यात आकडा बसत होता. मी तो भरला, सही केली आणि पावणेसहाची बस पकडली. कुणी मला धमकी दिली नव्हती, कुणी लाच दिली नव्हती. मला फक्त घरी जायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही संशयास्पद नव्हतं."

डोईफोडे लिहू लागले. मूळ नोंद कायम. जलसुरक्षकास सेवेतून कमी करावे व कारवाई प्रस्तावित करावी. विहीर वापरास योग्य समजावी, गाळ काढण्याचे काम सुरू करण्यास हरकत नाही. ते मोठ्यानं वाचत वाचत लिहीत होते. सरपंचबाईंनी हुश्श केलं. सबनीसनं पेनाचं टोपण लावलं. मग साहेब म्हणाले, आदेश टाइप झाला की पोचेल, तुम्ही निघा, आणि सबनीस सोडून सगळे बाहेर पडलो.

जिन्यात सिद्राम माझ्यासाठी थांबला होता. मला वाटलं, आता हा मला विचारणार, बाकी काय बघितलंत. मी उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं खणखणीत, उलट त्यालाच झापणारं. मला तेवढंच जमतं.

तो म्हणाला, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाटलीत कुठलं पाणी हाय ते तुम्हाला कसं कळावं? बाटली बोलती का?"

आणि टोपी घालून तो खाली उतरू लागला. त्याची बस होती.

मी तिथेच उभी राहिले. मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता येत नाही. एवढा भोळा असतो का कुणी? मग मला त्या सबनीसचा राग आला, त्या एका रकान्याचा आला, त्या उपम्याचा आला. आणि मग कळलं की शाळेच्या व्हरांड्यात, खिडक्यांतून बघणाऱ्या पोरांसमोर मी जे जे बोलले होते, ते अक्षर न अक्षर माझ्याबद्दल होतं. ठाऊक असून खोटं पुढे सरकवलंस. त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी परत वर गेले. दार न ठोठावता आत शिरले. डोईफोडे चहा पीत होते, सबनीस समोर बसला होता. मी पर्समधून वही काढून ते पान उघडलं आणि चहाच्या कपाशेजारी आपटलं. थोडा चहा सांडला.

साहेबांनी वाचलं. टीडीएस म्हणजे काय, विचारलं. मी सांगितलं. पेन्सिलीनं लिहिलेलं कुणाचं, विचारलं. माझं म्हटलं. सबनीस काही बोलायला पुढे झाला, तर त्यांनी रुमालाचा हात वर करून त्याला थांबवलं.

"अर्ध्या तासापूर्वी नाही का म्हणालात?"

"घाबरले होते."

डोईफोड्यांनी मला नीट न्याहाळलं. "तोही घाबरलाच होता की, बाई," ते म्हणाले. "पण तो उभा राहून बोलला."

त्यांनी टाइप होऊन आलेला आदेश फाडला. नवा लिहिला. मूळ नोंद रद्द, गॅस तूर्त बंद, अनुदान बंद, विहिरीत कुणीही उतरू नये, गावाला कारखान्याच्या टँकरनं पाणी. खाली दोघांवर कारवाई, जलसुरक्षक आणि कनिष्ठ रसायनी. मी म्हटलं, त्याच्यावर नको. ते म्हणाले, खोटा नमुना दिला हे खरं आहे की नाही? नियम मी केलेला नाही. तो होत असताना तुम्ही तिथे होतात, असं या कागदांत दिसतंय.

सहा महिने मी निलंबित होते. दोन वेतनवाढी गेल्या, बदली झाली, आणि मग पुढची अकरा वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात काढून मी निवृत्त झाले. चौकशीत निघालं की माळावरच्या एका जुन्या, बुजलेल्या बोअरमधून गॅस वर येत होता. सबनीस आता कुठल्याशा मोठ्या प्रकल्पावर आहे, चांगलं चाललंय म्हणतात. सुधारित नियमावलीत टीडीएसचा रकाना आला. तो का आला, ते तिथे लिहिलेलं नाही. सिद्रामची नोकरी गेली ती गेलीच. पंचायतीनं दुसरा जलसुरक्षक नेमला.

निलंबनाच्या काळात मी एकदा बोरहट्टीला गेले होते, त्याची माफी मागायला. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं होतं. तो घराबाहेर दोराची एक झिजलेली गाठ पुन्हा बांधत बसला होता. आदेश त्याच्या हातात पडला होता, वही कधीची आणि त्या पानावर काय होतं ते सगळं त्याला कळलं होतं. त्यानं मला बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. फक्त दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, आणि गाठ आवळेपर्यंत मी ते ताणून धरलं. मग मी आले.

पुढच्या चैत्रात मला त्याचा फोन आला. नंबर कुठून मिळवला, कोण जाणे. नमस्कार नाही, काही नाही. "दहा," म्हणाला आणि ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा दहाच होती. मग अकरा. एका वर्षी मागे जाऊन नऊ झाली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आता विहिरीची जबाबदारी त्याची नाही, कुणी त्याला विचारतही नाही, तरी दर चैत्रात तो कंदील सोडतो आणि आकडा मला सांगतो. मी त्याला अण्णा म्हणून काही विचारेपर्यंत फोन बंद झालेला असतो.

परवा आला. "सतरा," म्हणाला.

पाणी सव्वीसवर आहे.